नव्या न्हाणीचं पहिलं पाणी

१

महरुन्निसाबी गेल्या त्या सकाळी महाडच्या मोहल्ल्यात त्या गेल्याची बातमी मागून फिरली, त्या कशावरून घसरल्या याची आधी. नवी न्हाणी, नव्या लाद्या, ओला पाय, खेळ खलास. दफन उरकेपर्यंत लाद्या बसवणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ झालं होतं. पांडू, पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. माणूस मेलं की लोकांना आधी दोष द्यायला कुणीतरी लागतं, रडू त्यानंतर येतं. आणि पांडूने तर लोकांचं काम आणखी सोपं केलं होतं. बातमी कानावर पडताच तो हातातलं दुसरीकडचं काम अर्धवट टाकून गावाला पळाला.

धाकटा मुलगा उबेद कुवेतहून पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकली होती. तो कबरस्तानातून घरी न जाता थेट दत्तारामच्या दारात आला. दत्ताराम महाडच्या पोलीस ठाण्यात हवालदार होता, आता निवृत्त होऊन गुडघे चोळत बसलेला. उबेदच्या वडिलांशी त्याची जुनी ओळख होती.

"दत्ताकाका, त्या पांडूला आत टाकायचंय," उबेद म्हणाला.

"मी आता कुणाला आत टाकत नाही. मांजरसुद्धा ऐकत नाही माझं. ठाण्यात जा."

"जाणारच आहे. पण केस पक्की हवी. तुम्ही एकदा घर बघा, माणसांशी बोला. कोर्टात उभं राहील असं सांगा, मग तक्रार देतो."

मग त्याने ते सांगितलं जे मनात घेऊन तो विमानात बसला होता. मागच्या पावसाळ्यात अम्मी परसातल्या जुन्या न्हाणीत पडली, मनगट मोडलं. तेव्हापासून त्याने थोरल्या भावाचा, जुल्फिकारचा, पिच्छा पुरवला. घरात नवी न्हाणी बांध. शॉवर बसव, म्हणजे अम्मीला वाकून तांब्या घ्यायला नको. बसायला ओटा कर. दाराला उंबरा नको, ती अडखळते. जुल्फिकारने सगळं तसंच केलं. मग दर फोनला उबेद विचारायचा, अम्मी, नव्या न्हाणीतच आंघोळ करतेस ना? आणि अम्मी म्हणायची, हो बाळा, तिथेच.

"मीच बांधायला लावली, काका. मीच मारलं तिला," उबेद म्हणाला, आणि मग घाईने, "नाही. त्या पांडूने."

दत्तारामने चपला पायात सरकवल्या. ज्या घरात मरणाचं कारण इतक्या लवकर ठरतं तिथं एकदा जाऊन यावं, एवढं नोकरीने त्याला शिकवलं होतं.

२

न्हाणी मात्र देखणी होती, खोटं का बोला. भिंतींना चौकटीपर्यंत फिक्या निळ्या लाद्या, चकचकीत शॉवर, कोपऱ्यात बसायचा ओटा, त्याच्या शेजारी धरायला स्टीलचा दांडा. खाली खरबरीत लाद्या, जाळीकडे जाणारा हलका उतार. दाराला खरंच उंबरा नव्हता. न्हाणीची जमीन आणि बाहेरच्या बोळाची जमीन एका पातळीत. बोळात भिंतीला टेकून पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर रचलेले होते.

"उमैमाच्या साखरपुड्याचे कपडे, अम्मी होती तेव्हापासून इथंच पडलेत," जुल्फिकार म्हणाला. उमैमा त्याची मुलगी. सोयरीक जवळच्या नाते गावात जमली होती, मोठं घर होतं. जुल्फिकारचे दोन ट्रक औद्योगिक वसाहतीत माल वाहायचे, पण नात्याच्या माणसांपुढे तो अजून लहानच होता. त्या घराबद्दल बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

त्याची बायको मैमुना दाराशी उभी राहून सांगू लागली. सकाळच्या नमाजानंतर अम्मी आंघोळीला गेली. बराच वेळ शॉवरचा आवाज येत राहिला. हाक मारली तर उत्तर नाही. दार ढकललं तर अम्मी खाली पडलेली, शॉवर वरून चालू. "मीच बंद केला. मग यांना हाक मारली. डॉक्टर आले तोवर संपलं होतं."

"पाणी खूप होतं?"

"होतं की. शॉवर चालूच होता ना."

जुल्फिकार खाली बसला आणि ओट्याजवळच्या दोन लाद्यांवर त्याने बोट ठेवलं. "हे बघा. बाकीच्या खरबरीत. या दोन गुळगुळीत. भिंतीच्या लाद्या जमिनीला लावल्या हरामखोराने. डोकं इथंच आपटलं अम्मीचं."

दत्तारामने तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून लादीवरून फिरवलं. लादी खरोखरच काचेसारखी होती. उबेदने डोळे मिटले. केस उभी राहणार होती, पक्की राहणार होती.

दत्ताराम हात धुवायला परसात गेला. तिथं जुनी न्हाणी होती, जांभ्या दगडाची, वर पत्रा. अशा न्हाणीत हिरवं शेवाळ असायचंच, त्याच्या स्वतःच्या घरीही होतं. इथला दगड मात्र हाडासारखा घासून काढलेला. ब्लिचिंग पावडरचा वास नाकात गेला. शेजारी दोरीवर कपडे घालत उमैमा उभी होती. तिच्या बोटांची साल निघाली होती.

"ही तू घासलीस, बाळ?"

"हो."

"कधी?"

तिने दोरीवरचा कपडा ताणला. मग म्हणाली, "दादी गेली त्याच दिवशी. पाहुणे येणार होते म्हणून."

"ही वापरतं कोण आता?"

"उमैमा, आत ये गो," स्वयंपाकघरातून मैमुनाची हाक आली, आणि पोरगी ओला कपडा तसाच पिळ्यात ठेवून आत गेली.

दत्ताराम तिथंच उभा राहिला. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. आणि या घराने मयताच्या दिवशी कुणी न वापरणारी न्हाणी घासली होती.

३

महरुन्निसाबींना शेवटची आंघोळ, गुसल, हलिमाखालाने घातली होती. मोहल्ल्यातल्या बायकांना ती वर्षानुवर्षं तीच घालत आली. दत्ताराम तिच्या ओटीवर बसला. तिने पाणी दिलं, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं.

"मयताच्या अंगावर काय दिसलं ते मी सांगनार नाय. धुणाऱ्याने झाकायचं असतं, उघडायचं नसतं. माझ्या सासूनं माझ्याकडून तसं कबूल करून घेतलंय."

"मी विचारतच नाही," दत्ताराम म्हणाला. "तुझ्या कामाचं विचारतो. गुसल कुठं घातलीस?"

"अंगणात. तख्तावर, चादरी धरून. त्या नव्या न्हाणीत घालूया म्हटलं मी, पानी सोयीचं. तर मैमुना म्हनाली, नको खाला, लाद्यांना कापूर नि काय काय लागंल."

"आंघोळ करता करता गेलेली बाई. तुला काम कमीच पडलं असेल."

हलिमाखाला बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत राहिली. महरुन्निसाबी तिच्याच वयाची, दोघी एकाच साली लग्न होऊन महाडला आलेल्या.

"माझं काम सांगू ना? मग ऐक. टाचा घासायला मला दोनदा दगड मागावा लागला. नखं कोरायला काडी मागितली. केस सोडवायला खोबरेल मागितलं, कारन कोरड्या केसांत कंगवा चालत नाय." ती उठली. "मयताचं मी काय बोलले नाय. तू पन ऐकलं नायस."

दत्ताराम घरी येईपर्यंत त्याला एवढं कळून चुकलं होतं की शॉवरखाली आंघोळ करताना मेलेल्या बाईचे केस कोरडे होते. पण हलिमाखाला हे कुणापुढे बोलणार नव्हती, तिला मारलं तरी नाही. आणि तिच्यावाचून त्याच्या हातात काहीच नव्हतं. उबेद दुसऱ्या दिवशी तक्रार देणार होता.

४

सकाळची एसटी धरून तो पोलादपूरला उतरला आणि वाडीची चढण चढू लागला. गुडघ्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पांडूच्या दारात त्याची आई ठमाबाई भात पाखडत होती.

"पांडू नाय हाय," तिने मान वर न करता सांगितलं.

"नसू दे. मी पाणी पिऊन जातो. पण उद्या जीप येईल, ती पाणी मागणार नाही."

तेवढ्यावर पांडू गोठ्यातून बाहेर आला. तरणा, रुंद खांद्याचा, आणि डोळे रडून सुजलेले. तो दत्तारामच्या पायाशीच बसला.

"माझी चूक हाय, हवालदार. मी लबाड बोलनार नाय. जमिनीच्या लाद्या दोन कमी पडल्या. महाडच्या दुकानात तसल्या नव्हत्या, पनवेलवरनं याला आठवडा. जुल्फिकारशेठ म्हनाला, भिंतीच्या लाव नि मोकळा हो. मी वट्ट्याला चिकटून कोपऱ्यात लावल्या. तिथं पाय पडत नाय म्हनून. पन पडला असंल. म्हातारं मानूस."

"पळालास कशाला मग?"

"शेठनं मानूस धाडला. म्हनाला, गावाला जा नायतर लोक मारतील."

दत्तारामने मान हलवली. पळून जाण्याचा सल्ला ज्याने दिला तोच आता पळाला म्हणून बोट दाखवत होता. पण कोर्टात हा शब्दाला शब्द झाला असता, आणि गवंड्याच्या शब्दाला किती वजन असतं ते त्याने उभ्या नोकरीत पाहिलं होतं.

पांडू नाक पुसून सांगत होता. काम चालू होतं तेव्हा आजी रोज दारात पाटावर बसायची. दांडा किती उंचीवर हवा ते तिने स्वतः हात उचलून दाखवलं होतं. शेवटच्या दिवशी घरातली सगळी नात्याला गेली, पोरीची बोलणी होती. घरात आजी एकटीच. लाद्यांच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून झाल्यावर पांडू तिला सगळं समजावून निघाला.

"मी तिला म्हनलं, आजी, आत्ता पानी घालू नको. सांधे पिकू दे. आनि मोरीच्या तोंडात मी बोळा ठोकलाय, गोणपाटाचा, सिमेंट पायपात जाऊ नये म्हनून. आंगोळ सुरू करायची तवा आधी तो काढायचा, नायतर पानी जानार नाय. जाळी उचलायची नि सळीनं उपटायचा. ती म्हनाली, तूच येऊन काढ रे, पैलं पानी तुझ्या हातानं सोडू. मी जानार होतो. शेठ म्हनायचा, आत्ता नको, सावकाश ये."

तो थांबला. आपल्याच बोलण्यात काहीतरी अडलं तसं त्याने दत्तारामकडे पाहिलं.

"हवालदार, मी तर गेलोच नाय. मग बोळा काढला कोनी?"

दत्ताराम उठला. गुडघे दुखतात हे तो उतरताना पार विसरून गेला.

"पांडू, तुझं नाव मी साफ करीन," तो म्हणाला. "महाडच्या बाजारात, चार माणसांत. हा माझा शब्द."

५

दुपारी सगळी न्हाणीच्या दारात जमली. उबेद, जुल्फिकार, मैमुना. उमैमा मागे, भिंतीला पाठ लावून.

"केस पक्की करायची तर त्या सकाळी काय झालं ते एकदा डोळ्यांनी बघू," दत्ताराम म्हणाला. "मैमुना, शॉवर किती सोडलेला होता? तेवढाच सोड."

मैमुनाने चक्री फिरवली. पाणी धो धो आलं. पाणी उताराने जाळीपाशी गेलं आणि तिथंच थांबलं. जाळीभोवती थारोळं झालं, पसरलं, ओट्याच्या पायाला लागलं. मग सावकाश दाराकडे येऊ लागलं. उंबरा नव्हताच. पाणी बोळात उतरलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांखाली शिरलं.

"अहो, कपडे," मैमुना पुढे झाली आणि पहिला खोका उचलला.

"राहू दे," दत्ताराम म्हणाला. "त्या सकाळी नव्हते भिजले, आज का भिजतात?"

त्याने शॉवर बंद केला, पायजमा वर घेतला आणि जाळी उचलली. खाली पायपाचं तोंड गच्च भरलेलं होतं. गोणपाटाचा बोळा, भोवती वाळलेल्या सिमेंटची कड, कुठंही न फुटलेली.

"लाद्या बसवणारा हा बोळा ठोकतो आणि पहिल्या पाण्याआधी काढतो. हा निघालेलाच नाही. म्हणजे या न्हाणीत आजपर्यंत कुणी आंघोळ केलेली नाही. एकदासुद्धा नाही. मैमुना म्हणते बराच वेळ शॉवर चालू होता. असता तर तुमच्या दिवाणखान्यात होडी चालली असती." तो उबेदकडे वळला. "आता दुसरं. बोळ्याचं घरात एकाच माणसाला माहीत होतं. पांडूने सांगितलं तेव्हा बाकी सगळे नात्याला होते. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी शॉवरची गोष्ट रचली. जिला माहीत होतं ती इथं आंघोळीला आली असती तर तिने बोळा आधी काढून घेतला असता. अम्मी इथं घसरली नाही, उबेद. अम्मी परसात घसरली, जुन्या न्हाणीत, शेवाळावर. म्हणून ती न्हाणी मयताच्या दिवशी पोरीकडून घासून घेतली. तिचे हात बघ."

उमैमाने हात ओढणीत लपवले आणि रडू लागली.

"अम्मी फोनवर म्हणायची..." उबेद म्हणाला.

"फोन यायचा तेव्हा शेजारी कोण उभं असायचं?" दत्तारामने विचारलं.

जुल्फिकार ओल्या लादीवरच बसला. थोडा वेळ त्याने लढायचा विचार केला असावा, पण मग त्याचे खांदे पडले. "नात्याची माणसं बघायला येणार होती. अम्मी तंबाखूची मिस्री लावते, केसांना काळं लावते. पांढरे सांधे आठ दिवसांत पिवळे पडले असते. म्हटलं साखरपुडा होईपर्यंत राहू दे जरा. मग तिचीच आहे. तिलाही पटलं होतं. तीच म्हणाली, राहू दे, मला सवय आहे परसातली."

"तिला पटलं होतं," उबेद म्हणाला.

"तू यायचास नि विचारायचास, अम्मी परसात कशी पडली? काय सांगायचं होतं मी? म्हणून इथं आणलं. तिला मारलं नाही कुणी."

"आणलं तेव्हा ती गेलेली होती?" दत्तारामने विचारलं.

मैमुनाच्या हातातला खोका खाली आला. ती बोलली ते भिंतीकडे बघून बोलली.

"जीव होता. आम्हाला वाटलं, आत नेऊ, कपडे बदलू, मग डॉक्टरला बोलावू. हे लाद्यांवर पाणी शिंपडायला लागले. मी खांद्याला धरलं होतं. पायाला शेवाळ लागलेलं, चिखल लागलेला. तिने डोळे उघडले. म्हणाली, इथं नको गो ठेवू, लादी खराब होईल."

६

तक्रार दिली गेली नाही. कुणाचीच नाही.

उबेद पुन्हा कुवेतला जायच्या आदल्या दिवशी दत्तारामकडे आला. चेहऱ्यावर त्याचं वय वाढलेलं दिसत होतं. भावाशी तो उभ्या जन्मात बोलणार नव्हता, असं म्हणाला.

"बोलू नकोस. पण बाजारात एक वाक्य बोलून जा. अम्मी पांडूच्या लाद्यांवर घसरली नाही, एवढंच."

"मग कुठे घसरली विचारतील, काका. उमैमाची सोयरीक मोडेल. पोरीचा काय दोष? अम्मीला पण नसतं आवडलं." तो उठला. "तक्रार दिली नाही ना मी. सुटला तो."

दत्तारामने वाडीवर निरोप धाडला, सुटलास म्हणून. पांडू स्वतः खाली आला, पोलादपूरच्या एसटी स्टँडवर त्याला भेटला.

"सुटलो तर मंग काम का नाय देत कोन? बिरवाडीचं ठरलेलं काम गेलं. बाई म्हनाली, म्हातारी मारलीस तोच ना तू?"

"थोडा धीर धर. मी शब्द दिलाय."

"तुमी दिलाय म्हनून तर आलो," पांडू म्हणाला. मग त्याने विचारलं, "बोळा काढला का मग?"

"काढला."

"बरं झालं. पायप चोंदला असता."

चाळिसावा झाल्यावर साखरपुडा झाला. दत्तारामला आमंत्रण होतं, जुल्फिकार स्वतः येऊन देऊन गेला. न जाणं म्हणजे बोलणं झालं असतं, जाणं म्हणजे गप्प बसणं. दत्ताराम घरातून निघाला तो चार माणसांत बोलायचं ठरवूनच. यापेक्षा चांगली चार माणसं कुठली मिळणार होती?

जेवणानंतर नात्याची पाहुणेमंडळी घर बघायला उठली. न्हाणीच्या दाराशी सगळी थांबली. निळ्या भिंती लखलखत होत्या, सांधे दुधासारखे पांढरे होते. जुल्फिकारने शॉवर सोडून दाखवला, पाणी सुरसुरत जाळीतून निघून गेलं.

"अम्मीसाठी बांधली होती," तो म्हणाला, आणि त्याने खरोखर डोळे पुसले. पाहुण्यांनी हळहळून माना हलवल्या.

"काम फार साफ आहे," नवऱ्यामुलाचे वडील लादीवरून हात फिरवत म्हणाले. "आमच्याकडे पण करायचंय. कुणी केलं हे?"

दत्ताराम एक पाऊल पुढे आला. त्याला समोर उमैमा दिसली, बायकांच्या घोळक्यात, हातांवर मेंदी. तेव्हा साल निघालेल्या बोटांवर मेंदी गडद बसली होती. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

"होता एक पोलादपूरचा," जुल्फिकार म्हणाला. "आता त्याला कुणी काम देत नाही."

कुणीतरी दत्तारामपुढे सरबताचा ट्रे धरला. त्याने एक पेला उचलला, आणि प्यायला.